संशोधन-निबंधाची प्रस्तावना आणि इंग्रजीचे पदवी-विद्यार्थी

(महाविद्यालयीन अध्यापकांच्या उद्बोधन वर्गात केलेले भाषण)



राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० अन्वये पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा करण्याची सोय झाली आणि चौथ्या वर्षी संशोधनाचा मार्ग निवडणाऱ्या विद्यार्थ्यावर प्रबंध लिहिण्याची जबाबदारी आली. एरवी पदव्युत्तर वर्गात समोर येणारे हे काम आता वीस-एकवीस वर्षांच्या मुलामुलींपुढे येऊन ठेपले आहे. त्यातील पहिल्या दोन-तीन पानांविषयीच, म्हणजे प्रस्तावनेविषयीच, मी आज बोलणार आहे.

प्रस्तावनेच्या रचनेचा पद्धतशीर विचार जॉन स्वेल्स या भाषाशास्त्रज्ञांनी केला. इंग्लंडमधील ॲस्टन विद्यापीठात असताना त्यांनी ४८ शोधलेखांच्या प्रस्तावना तपासून १९८१ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रारंभी त्यांनी चार पायऱ्या मानल्या होत्या; १९९० च्या ग्रंथात त्या तीन केल्या. आपल्याकडील शेतीच्या भाषेत सांगावयाचे तर प्रथम शिवार दाखवावयाचे, मग त्या शिवारात पडीक राहिलेला तुकडा दाखवावयाचा आणि शेवटी तो आपण कसा कसणार हे सांगावयाचे.

आता एखादा विद्यार्थी अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’वर लिहावयास बसला आहे, असे समजा. भारतीय इंग्रजी कवितेचा इतिहास, कवीचे चरित्र, १९७६ मध्ये आलेला संग्रह, १९७७ चा राष्ट्रकुल काव्य पुरस्कार असे सर्व तो दोन पाने लिहितो आणि लगेच ‘प्रस्तुत प्रबंधात जेजुरीचा अभ्यास केला आहे’ असे म्हणून मोकळा होतो. शिवार दिसले, नांगरही दिसला. मधला पडीक तुकडा मात्र कोठेच नाही. हा अभ्यास कशासाठी, हे वाचकाला अखेरपर्यंत उमगत नाही.

ही मधली पायरीच का गळते? एक तर शाळेपासून आपण निबंध शिकवितो, आणि निबंधाला विषयाची थोरवी सांगितली म्हणजे पुरते. दुसरे कारण संस्काराचे आहे. थोरामोठ्यांच्या लेखनात उणीव दाखविणे विद्यार्थ्याला उद्धटपणाचे वाटते. पण सर्वांत खरे कारण असे की, आधी कोणी काय लिहिले आहे ते वाचल्यावाचून पडीक जमीन ओळखता येत नाही. काही धीट विद्यार्थी ‘या विषयावर आजवर कोणीच लिहिलेले नाही’ असे ठोकून देतात. हा तर न वाचल्याचाच कबुलीजबाब होय!

उणीव म्हणजे दोषारोप नव्हे, हे त्यांना समजावून द्यावयास हवे. स्वेल्स यांनीही मतभेद नोंदविणे, प्रश्न उपस्थित करणे किंवा चालत आलेला अभ्यास पुढे नेणे हे मार्ग या पायरीत धरले होते. ‘जेजुरी’त पुजारी आहे, त्याचा मुलगा आहे, म्हातारी आहे, स्टेशनमास्तर आहे. ही माणसे स्वतः बोलतात की कवीच त्यांच्याविषयी बोलतो? असा एखादा प्रश्न घेऊन, वाचलेल्या चार-पाच समीक्षकांनी त्याला कितपत हात घातला आहे हे सांगितले, तरी दुसरी पायरी उभी राहते. येथे ‘परंतु’सारखा एखादा शब्द येऊन परिच्छेद वळण घेतो.

ग्रामपंचायतीचे जे सदस्य येथे आले आहेत त्यांना हे नवे वाटू नये. ‘पाणी हेच जीवन’ एवढेच लिहून नळयोजनेचा प्रस्ताव पुढे सरकत नाही. कोणत्या वाडीला नळ पोहोचलेला नाही, ते लिहावे लागते.

वर्गात मी सुचवीन ते इतकेच. छापील शोधलेखांच्या पाच प्रस्तावना विद्यार्थ्यांच्या हाती द्याव्यात आणि वळण कोठे आहे तेथे पेन्सिलीने खूण करावयास सांगावे. एखाद्या प्रस्तावनेत खूण कोठे करावी यावरून वर्गात वाद झाला तर तो होऊ द्यावा. नंतर प्रत्येकाने आपल्या प्रस्तावनेचा मधला परिच्छेद आधी लिहावा. कवीचे चरित्र मागाहून, आणि तेही लागेल तेवढेच. ग्रंथालय अपुरे असल्याची तालुक्याच्या गावची तक्रार खरी आहे. तथापि भारतीय विद्यापीठांतील हजारो प्रबंध ‘शोधगंगा’ या भांडारात विनामूल्य वाचावयास मिळतात. विषय नक्की करण्यापूर्वी विद्यार्थ्याला त्यातील निदान दोन प्रबंधांच्या प्रस्तावना वाचावयास लावाव्यात आणि त्याविषयी मार्गदर्शकाने त्याला तोंडी विचारावे.