पिंजऱ्याबाहेरचा पोपट

मी झिरकपूरहून बोलतोय. इथून जवळच, चंडीगढच्या सेक्टर 21 मध्ये, पोपटांचं अभयारण्य आहे. 1998 मध्ये घोषित झालेलं, तेही भर वस्तीत!

पोपट म्हटलं की आपल्याला पिंजरा आणि मिरची आठवते. आज पहाडी पोपटाला मोकळ्या आभाळात बघा. साध्या पोपटाहून मोठा, चोच दणकट, खांद्यावर लाल डाग. सिकंदराच्या फौजेनं हा पक्षी पंजाबातून ग्रीसला नेला असं सांगतात; त्याचं इंग्रजी नावही सिकंदरावरूनच पडलंय.

आज तो संकटाच्या उंबरठ्यावर आहे. जुन्या झाडांच्या ढोलीत तो अंडी घालतो. ती झाडं तुटतात, आणि उरलेल्या ढोलींतून पिल्लं काढून विकली जातात. इंडोनेशियातला पिवळ्या तुऱ्याचा काकाकुवा अशाच व्यापारापायी नामशेष व्हायच्या बेतात आला.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं देशी पोपट पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे. पण नुसत्या पहाऱ्यानं सीमा राखली जात नाही, गावाची साथ लागते, हे आम्हा फौजींना ठाऊक आहे. गिऱ्हाईकच नसेल तर फासा कोण लावेल? तेव्हा पोपट विकत घेऊ नका. आणि ढोली असलेलं वाळकं झाड, कुणाला धोका नसेल तर, उभं राहू द्या.

जय हिंद.