रुमालाखालची बोटे आणि वायफायचे कुलूप

मंडळी, तुमच्यापैकी कित्येकांनी खरसुंडीच्या नाहीतर म्हसवडच्या यात्रेत खिलार बैल घेतले असतील. बैलाच्या बाजारात सौदा कसा होतो? घेणारा आणि देणारा हातावर रुमाल टाकतात. आत बोटे दाबून भाव सांगतात. भोवती माणसे उभी असतात, पण कोणाला काही कळत नाही. मात्र त्या दोघांना बोटांची एकच खूण ठाऊक पाहिजे. एकाने बोट म्हणजे हजार धरले आणि दुसऱ्याने शंभर, तर सौदा मोडलाच!

वायफायचे असेच आहे. वायफायची पेटी आणि आपला फोन हवेतून बोलतात. ते बोलणे दुसऱ्याला कळू नये म्हणून खुणेच्या भाषेत चालते. याला एन्क्रिप्शन म्हणतात. आपण त्याला कुलूप म्हणू.

माण तालुक्यातल्या एका गावी आम्ही गेलो होतो. वाचनालयात नवी पेटी बसवली होती. ई-पीक पाहणीचा शेवटचा दिवस होता. आपल्या पिकाची नोंद आपणच फोनवरून करायची, ही पद्धत राज्यात 2021 साली सुरू झाली. नोंद नसली तर विमा, नुकसानभरपाई मागताना अडचण येते. एका तात्यांनी बाजरीचा फोटो रानात काढून ठेवला होता. रानात रेंज नाही, म्हणून तो वर पाठवायला ते वाचनालयात आले. फोन जोडेना.

"आवो, पासवर्ड बरोबर हाय, चारदा घातला," तात्या म्हणाले.

फोन मात्र सारखा म्हणे, जोडता येत नाही. शेजारच्या पोराचा नवा फोन त्याच पासवर्डने चटकन जोडला गेला. तेव्हा आम्हांला कळले. पासवर्ड चुकला असता तर पोराचाही फोन जोडला नसता. पेटी बिघडली असती तरीही नसता. घोटाळा खुणेत होता. (आणखी एक ध्यानात ठेवा. फोन जोडला जातो पण नेट चालत नाही, तर दोष कुलपाचा नाही, बहुधा बाहेरून येणाऱ्या लाइनीचा असतो.)

या कुलपांच्या पिढ्या आहेत. पहिले 1997 सालचे, डब्ल्यूईपी. ते 2001 साली जाणकारांनी फोडून दाखवले. ते कधीही लावू नका. 2003 साली डब्ल्यूपीए आले, 2004 साली डब्ल्यूपीए-2 आणि 2018 साली डब्ल्यूपीए-3. इंग्रजी अक्षरे वाचता आली नाहीत तरी शेवटचा आकडा वाचा, 2 की 3. पेटी बसवणाऱ्याने फक्त 3 चे कुलूप लावले होते. अँड्रॉइड फोनांना ही खूण 2019 सालच्या अँड्रॉइड 10 पासून कळू लागली. तात्यांचा फोन त्याहून जुना. बिचाऱ्याला 2 पर्यंतचीच खूण येत होती.

तेवढ्यात कोणी म्हणाले, "कुलूपच काढून टाका की! कशाला ही कटकट?"

आम्ही नको म्हणालो. कुलूप नसले तर रस्त्यावरचा कोणीही आपल्या लाइनीवर बसेल. वाईट काम त्याने केले तर चौकशी आधी वाचनालयाकडे येईल. शिवाय फोनातले काही बोलणे वाटेतच ऐकता येते.

मग काय केले? पेटीच्या पोटावर चिकटवलेला कागद असतो. त्यावर आकड्यांचा पत्ता असतो आणि पेटीच्या कारभाराचा पासवर्ड असतो. हा पासवर्ड वेगळा, वायफायचा वेगळा. पोराच्या फोनवर तो पत्ता उघडला. आधी जे लिहिले होते ते वहीत उतरवून घेतले. ही सवय फार उपयोगी; बिघडले तर पुन्हा तसेच करता येते. मग सिक्युरिटी या ठिकाणी 2 आणि 3 दोन्ही एकत्र असलेले निवडले. वायफायचा पासवर्ड तोच ठेवला. सेव्ह केले. पेटी बंद होऊन पुन्हा चालू झाली. तेवढ्या वेळात सगळे दिव्याकडे टक लावून बसले होते.

तरी तात्यांचा फोन जोडेना! फोनाने जुनी खूण धरून ठेवली होती. फोनात वायफायच्या नावावर बोट दाबून धरले, ते नाव विसरायला लावले आणि पासवर्ड पुन्हा घातला. आता जोडला.

काही जुने फोन 2 आणि 3 एकत्र असले तरी गोंधळतात. तसे झाले तर फक्त 2 चे कुलूप ठेवावे. तिथे टीकेआयपी आणि एईएस असे दोन प्रकार विचारले तर एईएस घ्यावे. पासवर्ड निदान आठ अक्षरांचा लागतो. आम्ही म्हणतो, बारा ठेवा.

तात्यांचा फोटो वर गेला तेव्हा दिवेलागण झाली होती. मागे आणखी सात जण आपापले फोन घेऊन ओळीत उभे होते.