दुसरा छंद

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘माझा छंद’ या विषयावर बोला, असा निरोप आला तेव्हा निरोप धाडणाऱ्यांच्या मनात बहुधा माझी कविताच असावी. पण कवितेला मी छंद म्हणत नाही. कवितेत छंद असतो किंवा नसतो. मुक्तछंदवाल्यांचे आणि आम्हा गझल लिहिणाऱ्यांचे ते भांडण जुनेच आहे. आज मी बोलणार आहे ते दुसऱ्या छंदाबद्दल. तीस वर्षांहून अधिक काळ मी फोटो काढतो आहे. त्यातून पैसा मिळाला नाही, बक्षीसही नाही. घरच्यांनी मात्र बोलून बोलून आता बोलणे सोडले आहे.

आमच्या मिरजेत माझ्या मामूंकडे आग्फा क्लिक थ्री होता. बडोद्याला तयार होणारा काळा, हलका डबा. एका रोलवर बारा चौकोनी फोटो. ईदच्या दिवशी मामू सगळ्या पोरांना रांगेत उभे करीत आणि ‘हिलू नक्को’ म्हणून दम देत. सगळे श्वास रोखून उभे राहत. त्या रांगेत माझी अम्मा कधीच नसे. त्याबद्दल पुढे सांगतो.

बीए झालो, नोकरीला लागलो आणि १९९२ मध्ये कुणीतरी वापरलेला पेंटॅक्स के-१००० विकत घेतला. दोन महिन्यांचा पगार गेला. अब्बांनी तो हातात घेऊन वजन पाहिले आणि एवढेच म्हणाले, ‘‘इतने में सिलाई मशीन आती थी.’’ खरेच होते ते. कॅमेरा साधा. भिंगातून येणाऱ्या उजेडाप्रमाणे वरखाली होणारा एक काटा, तो मध्यावर आणायचा आणि बटण दाबायचे. बाकी सगळे आपल्या हातात. तो बंद करायचे बटणही नाही. भिंगावर झाकण लावले की झोपला, नाहीतर आतला सेल संपतो.

रोल छत्तीस फोटोंचा. रोल, धुलाई, प्रिंट असा हिशेब केला तर महिन्याला एकच रोल परवडे. म्हणजे दिवसाला जेमतेम एक फोटो. आज मोबाइलवर नातीचे दहा फोटो काढून नऊ पुसणाऱ्या माझ्या मुलाला हे सांगितले की तो हसतो. पण गझलेचा शेर दोन ओळींत बसवावा लागतो म्हणून तर आपण शब्द तोलतो. पन्नास ओळींची मुभा असती तर मी नक्कीच पाल्हाळ लावले असते.

सुट्टीच्या दिवशी मी सतारमेकर गल्लीत जाई. मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा वर्तमानपत्रांतून बरेच छापून आले. पूर्वी शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतले हात एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले, हा इतिहास आता पुष्कळांना ठाऊक झाला आहे. मला त्या वेळी इतिहासाचे काही नव्हते. मला दिसत होता तो फक्त दारातून येणारा उजेड. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले वाळलेले भोपळे छताला टांगलेले, जमिनीवर लाकडाचा भुसा आणि सकाळी साडेदहाच्या सुमारास उंबऱ्यावरून आत सरकणारा उन्हाचा पट्टा. तो अर्धा तास टिकत असे. त्यातही काटा मध्यावर आणायचा तर भिंग पूर्ण उघडून सेकंदाचा तिसावा भाग द्यावा लागे. हात जरा हलला की चित्र पुसट.

पहिले चार रोल वाया गेले. प्रत्येक फोटोत कारागीर काम थांबवून ताठ बसलेले आणि माझ्याकडे पाहणारे. मी वैतागलो. तेव्हा तिथले एक वयस्कर चाचा म्हणाले, ‘‘बेटा, तू आता है, बैठता नै.’’ ते सतारीची जवारी काढत होते. घोडीवर कानस एकदा हलकेच फिरवायची, तार छेडून ऐकायचे, पुन्हा फिरवायची. एक कानस जास्त झाली तर सूर गेला. मी झाकण लावून कॅमेरा मांडीवर ठेवला आणि बसलो. असे तीन रविवार फोटो न काढता गेले. चौथ्या रविवारी मी आहे हे ते विसरले होते. त्या दिवशी पाच फोटो काढले. त्यातला एक, तारेला कान लावलेल्या चाचांचा, आजही माझ्या टेबलावर आहे. त्यांचे डोळे मिटलेले आहेत. जवारीचा फोटो निघत नाही, पण ती ऐकणारा माणूस दिसतो.

होमाई व्यारावाला यांच्याबद्दल मी नंतर वाचले. त्यांच्याकडचा रोलायफ्लेक्स पोटाशी धरून, मान खाली घालून वापरायचा. समोरच्यावर डोळा रोखावा लागत नाही. सुरुवातीला त्यांचे फोटो पतीच्या नावाने छापले जात. पुढे २०११ मध्ये पद्मविभूषण मिळाले. मला हेवा वाटला तो त्या मान खाली घालण्याचा.

आता अम्मा. आमच्या धर्मात तसबिरीबद्दल मतभेद आहेत. जाणकारांत आजही एकमत नाही आणि मी त्यात पडत नाही. अम्माचे कारण मात्र कुठल्या किताबातले नव्हते. ती म्हणे, ‘‘दीवार पो टंगने की उमर नै मेरी.’’ लहानपणी तिने भिंतीवर पाहिलेले सगळे फोटो गेलेल्या माणसांचे होते. त्यामुळे फोटो म्हणजे जाण्याची तयारी, असे तिच्या मनाने घेतले होते. मी सहा वर्षे मागे लागलो नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. लागलो, आणि दर वेळी तिने पदर तोंडावर ओढून घेतला.

१९९८ ची रमजान ईद. जानेवारीची थंडी. आदल्या दिवशी सकाळी ती मागच्या पडवीत शीरखुर्म्यासाठी बदाम सोलत बसली होती. मी शेजारी बसलो होतो, चाचांच्या गल्लीत बसत असे तसाच, काही न मागता. बऱ्याच वेळाने तीच म्हणाली, ‘‘निकाल एक. पर दीवार पो नक्को.’’

कॅमेरा रिकामा होता. धावत जाऊन नवा रोल घातला. तीन फोटो काढले. पदर डोक्यावर, हातात अर्धा सोललेला बदाम, आणि नजर सरळ माझ्याकडे. त्या वेळी मला ती नजर मुळीच खटकली नाही.

ईदभर उरलेला रोल संपवला. छत्तीस झाले तरी खटका अडकला नाही. सदतीस, अडतीस, चाळीस. तेव्हा पोटात गोळा आला. घाईत रोलची जीभ चाकात नीट अडकलीच नव्हती. आकडे पुढे सरकत होते, फिल्म जागची हलली नव्हती.

आठवड्याने अम्माने विचारले, ‘‘कैसा आया?’’ मी म्हणालो, ‘‘अच्छा आया.’’ दाखव, असे ती म्हणाली नाही. आणि चांगला आला असे सांगून बसल्यावर दुसरा काढू दे, असे मी कोणत्या तोंडाने म्हणणार? खरे सांगितले असते तर कदाचित ती हसली असती आणि पुन्हा बसली असती. २००१ मध्ये ती गेली.

तिचा एकच फोटो घरात आहे, मतदार ओळखपत्रावरचा. १९९३ मध्ये निवडणूक आयोगाने ओळखपत्रे द्यायचे ठरवले आणि पुढे आमच्या वॉर्डातही फोटो काढले गेले. अम्मा शेजारणींबरोबर गेली, रांगेत उभी राहिली, खुर्चीवर बसली आणि परत आली. सरकारी काम म्हणून तिने एका शब्दाने तक्रार केली नाही. तो फोटो नखाएवढा आहे. जवळून टिपणारे भिंग लावून मी त्याची प्रत काढून पाहिली, मोठी करून पाहिली. जितका मोठा करावा तितके ठिपके सुटे होतात आणि चेहरा मागे जातो. शेवटी आहे तेवढाच ठेवला. भिंतीवर लावलेला नाही.

यावर कविता का लिहिली नाहीस, असे एका मित्राने विचारले. दोनदा बसलो होतो, जमली नाही.

पेंटॅक्स अजून चालतो. रोल मिळतो, महाग झाला आहे, आणि धुऊन घ्यायला बाहेरगावी पाठवावा लागतो. वर्षातून एखादा घालतो. फिल्म पुढे सरकवताना डावीकडची गुंडाळायची कळ उलटी फिरली पाहिजे. ती फिरली तर समजावे की आत फिल्मही सरकते आहे. प्रत्येक फोटोनंतर माझी नजर आधी तिच्याकडे जाते.