फोनच्या पोटातील आवाज

बोललेला शब्द हवेत विरून जातो आणि लिहिलेला तेवढा मागे उरतो, अशी समजूत माणसाने पिढ्यान्‌पिढ्या बाळगली. वचनाला साक्षीदार लागत आणि व्यवहाराला कागद लागे, तो याच कारणाने. रागाच्या भरात तोंडातून गेलेल्या शब्दाबद्दल दुसऱ्या दिवशी ‘मी असे म्हणालोच नव्हतो’ असे सांगण्याची सोय त्यामुळे सर्वांनाच होती, आणि संसारातील निम्मी भांडणे या सोयीवरच मिटत आली असावीत. आता ती सोय राहिलेली नाही. खिशातला फोन बोलणे नुसते पोहोचवत नाही. मालकाने एकदा तशी आज्ञा देऊन ठेवली असेल, तर तो ते जपूनही ठेवतो, आणि मालक ती आज्ञा विसरला तरी तो विसरत नाही.

ही कल्पना मात्र नवी नव्हे. ग्रॅहॅम बेलला टेलिफोनचे पेटंट मिळाले १८७६ मध्ये. पुढच्याच वर्षी एडिसनने फोनोग्राफ सिद्ध केला. या यंत्राचे उपयोग सांगताना, टेलिफोनवरील संभाषणाची कायमची नोंद ठेवणे हा उपयोगही त्याने १८७८ मध्येच सांगून ठेवला होता. ते प्रत्यक्षात आणण्याची खटपट केली ती कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या व्हाल्डेमार पॉल्सेन या डॅनिश तंत्रज्ञाने. पोलादी तारेवर चुंबकाच्या साहाय्याने आवाज उमटवणारे त्याचे ‘टेलिग्राफोन’ हे यंत्र १८९८ मधले. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ जोझेफ त्या यंत्रापुढे बोलला, आणि तो आवाज आजही ऐकावयास मिळतो. म्हणजे चुंबकीय ध्वनिमुद्रणाची सारी विद्याच, पुढे नभोवाणीने आणि चित्रपटांनी आपलीशी केली तरी, जन्माला आली ती टेलिफोनच्या घरी.

पॉल्सेनचे यंत्र मेजभर जागा अडवून बसे. ते चालू आहे हे दिसत असे. आजचे यंत्र दिसत नाही, आणि घोटाळा होतो तो येथेच. फोनमध्ये साठलेल्या आवाजांची आठवण बहुतेकांना दोनच प्रसंगी होते: जागा भरली म्हणून फोन कुरकुर करू लागतो तेव्हा, किंवा तो आवाज ज्याचा, ते माणूस उरत नाही तेव्हा.

जमशेदपूरला राहणारी एक मराठी गृहिणी डोळ्यांपुढे आणावी. तिचे माहेर कऱ्हाडचे. बँकेच्या नावाने फसवणुकीचे फोन येऊ लागले म्हणून २०२३ च्या उन्हाळ्यात मुलाने तिच्या सॅमसंग फोनवर ‘सर्व कॉल आपोआप रेकॉर्ड करा’ हे बटण दाबून दिले. फसवणारे फोन काही दिवसांनी थांबले. बटण तसेच राहिले. दर रविवारी संध्याकाळी कऱ्हाडहून आईचा फोन येई. २०२५ च्या पावसाळ्यात आई गेली. तेरावा उरकून गृहिणी परतली, तो मुलाने नवा फोन आणून ठेवलेला. जुना दुकानदाराला देऊन किंमत वळती करून घ्यावयाची होती. नव्या फोनवर जुनी कॉलयादी जशीच्या तशी उतरलेली पाहून तिने ‘आई’ या नावावर बोट ठेवले. तारीख होती, वेळ होती, किती मिनिटे बोलणे झाले तेही होते. आवाज नव्हता.

येथे पुष्कळांची फसगत होते. गूगलच्या खात्यावर फोनचा जो नेहमीचा बॅकअप होतो, त्यात कॉलची यादी जाते, संभाषणाची ध्वनिफाइल जात नाही. यादी दिसली म्हणून सारेच आले, असा समज करून घेऊन जुना फोन कोरा करण्यात येतो. आणि आजचा फोन कोरा करणे म्हणजे पाटी पुसणे नव्हे, कारण पुसलेल्या पाटीवर निदान अक्षरांच्या खुणा तरी दिसतात. फोनमधील माहिती कुलूपबंद सांकेतिक रूपात असते; फोन कोरा करताना त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते. मग ‘गेलेले परत आणून देतो’ अशी जाहिरात करणाऱ्या कितीही दुकानांचे उंबरे झिजवले, तरी हाती काही लागत नाही. या गृहिणीचा जुना फोन सुदैवाने अजून टेबलाच्या खणात होता.

आता आवाज शोधावयाचा तो कोठे? सर्व फोनांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही, आणि याचे कारण फोन लावण्याघेण्याचे ॲप प्रत्येक कंपनीचे निराळे आहे. सॅमसंगच्या फोनमध्ये फोन-ॲपच्या सेटिंग्जमध्ये कॉल रेकॉर्ड करण्याचा जो विभाग आहे, त्यातच मुद्रित कॉलांची यादी मिळते. आणि फाइल मॅनेजर उघडला, तर आतील साठवणीत ‘रेकॉर्डिंग्ज’ नावाचे फोल्डर आणि त्याच्या आत ‘कॉल’ हे फोल्डर, तेथे प्रत्यक्ष फाइली असतात. शाओमीचे स्वतःचे फोन-ॲप ज्यात आहे अशा फोनांत ‘मीयूआय’ या फोल्डरात शिरून ‘साउंड रेकॉर्डर’ आणि त्यातील ‘कॉल रेक’ अशी वाट आहे. ओप्पो, रिअलमी, वनप्लस या भावंडांच्या पुष्कळ फोनांत ‘म्युझिक’, त्यात ‘रेकॉर्डिंग्ज’, त्यात ‘कॉल रेकॉर्डिंग्ज’ असा क्रम आढळतो. घर एकाचे आणि माजघर दुसऱ्याचे असावे, तसा हा प्रकार आहे. परंतु एकदा वाट सापडली, की फाइल हाती येते आणि ती हवी तेथे नेता येते.

गूगलच्या फोन-ॲपची तऱ्हा वेगळी. ते संभाषण मुद्रित करते तेव्हा ‘हा कॉल रेकॉर्ड होत आहे’ असे दोघांनाही ऐकू जाईल असे जाहीर करते, आणि फाइल फोल्डरात न ठेवता स्वतःच्या पोटात ठेवते. फाइल मॅनेजरने सारा फोन पालथा घातला तरी ती दिसावयाची नाही. अलीकडच्या कॉलांमध्ये त्या माणसाच्या नावाखालचा इतिहास उघडावा, तेथे ती ऐकावी आणि तेथूनच ‘शेअर’ करून बाहेर काढावी. याच ॲपच्या सेटिंग्जमध्ये ठरावीक दिवसांनी रेकॉर्डिंग आपोआप नष्ट करण्याची सोय आहे. ती कोणी चालू केली आहे काय, हे आधी पाहून घेणे शहाणपणाचे. आयफोनला तर ही विद्या उशिरानेच आली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या आयओएस १८.१ पासून तेथे कॉल मुद्रित करता येऊ लागला. तेथेही आधी घोषणा होते, आणि मुद्रित संभाषण जाऊन बसते ते ‘नोट्स’ या टिपणवहीच्या ॲपमध्ये. वाण्याच्या यादीशेजारी आईचा आवाज!

बाहेरची म्हणजे तिऱ्हाइतांनी बनवलेली रेकॉर्डिंगची ॲप्स एके काळी उदंड होती. अँड्रॉइडने ती वाट हळूहळू बंद करत आणली. अपंगांच्या सोयीसाठी ठेवलेल्या दारातून ही ॲप्स आत शिरत असत; गूगलने ११ मे २०२२ पासून प्ले स्टोअरवरील ॲप्सना त्याचीही मनाई केली. अशा एखाद्या ॲपमध्ये जुने आवाज अडकले असतील, तर ते ॲप काढून टाकण्यापूर्वी आतील फाइली बाहेर काढाव्यात. ॲपबरोबर त्याही जाण्याचा संभव असतो.

गृहिणीला ‘कॉल’ हे फोल्डर सापडले. तिने ‘आई’ हे नाव शोधले, तर फाइली निघाल्या अवघ्या अकरा. दोन वर्षांत रविवार तर शंभरावर झाले. उरलेले गेले कोठे?

फाइलीला नाव मिळते ते संभाषणाच्या क्षणी. त्या वेळी फोनवहीत जे नाव असेल ते लागते; नाव नसेल तर नुसता क्रमांक. पुढे वहीत नाव बदलले, तरी जुन्या फाइलीचे बारसे पुन्हा होत नाही. आईचा क्रमांक बरेच दिवस ‘कऱ्हाड घर’ या नावाने होता. त्या नावाखाली पंचवीस-तीस निघाल्या. आईने नवे सिमकार्ड घेतले तेव्हाचे काही महिने नुसत्या क्रमांकाखाली सापडले. आणि आपल्या फोनचे पैसे संपले की आई सरळ बाबांचा फोन उचलून बोलत असे. तेव्हा सर्वांत मोठा साठा निघाला तो ‘बाबा’ या नावाखाली. बाबा स्वतः फोनवर दोन वाक्यांपलीकडे बोलत नसत. व्हॉट्सॲपवरून झालेली बोलणी मात्र कोठेच नव्हती, कारण ती इंटरनेटच्या वाटेने जातात आणि फोन-ॲपचे मुद्रणयंत्र तिकडे कान देत नाही.

नावापुढे जे आकडे असतात ते निरर्थक नव्हेत. तिच्या पहिल्या फाइलीवर २३०६११ आणि त्यापुढे १९३०४२ असे होते. २०२३ सालचा सहावा महिना, अकरा तारीख. सायंकाळचे साडेसात वाजून बेचाळीस सेकंद. तो रविवारच होता. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, असा क्रम ठेवल्यामुळे एका नावाच्या फाइली आपोआप कालानुक्रमे लागतात. म्हणूनच फाइलीला स्वतःचे नाव द्यावयाचे झाले तर खुशाल द्यावे, पण हे आकडे पुसू नयेत. एका यंत्रातून दुसऱ्यात नेताना फाइलीच्या अंगावरची तारीख पुष्कळदा नकलेच्या दिवसाची होऊन बसते. नावातील आकडे तेवढे खरे बोलत राहतात.

जागेचा हिशेबही एकदा मांडून पाहावा. सेकंदाला ६४ किलोबिट या बेताने मुद्रण होत असेल, तर एका तासाला सुमारे २९ एमबी लागतात. रोज तासभर बोलणे झाले तर दोन वर्षांत २१ जीबी. यात आईचा वाटा कितीसा? गॅसवाला, कुरिअरवाला, चुकीचे क्रमांक आणि कर्ज हवे का विचारणाऱ्या मुली यांनीच बहुतेक जागा व्यापलेली असते. जागा मोकळी करावयाची तर सरसकट न करता नावानिशी करावी, आणि ती हवे ते दोन ठिकाणी उतरवून घेतल्यानंतर करावी. एक प्रत संगणकावर, एक पेन ड्राइव्हवर. उतरवलेली फाइल लागते का, हेही शेवटपर्यंत ऐकून पाहावे. टेप महाग होत्या तेव्हा बीबीसीसारख्या संस्थेनेही जुने कार्यक्रम पुसून त्याच टेपा पुन्हा वापरल्या, आणि पुढे त्याच कार्यक्रमांसाठी जगभर शोध घेतला. घरगुती माणसाने त्याहून अधिक सावध असावे, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. पण पेन ड्राइव्ह आता महाग नाही.

मुद्रित संभाषणाचे मोल नेहमीच मायेचे असते असे नाही. जमिनीचा सौदा, उसने पैसे, धमकी यांतही ते कामी येते. टेलिफोनला जोडलेल्या टेपरेकॉर्डरवरील संभाषण पुराव्यात घ्यावे की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो मुंबईच्याच एका खटल्यात. मुंबईचे तत्कालीन कॉरोनर आर. एम. मलकानी यांच्या या खटल्याचा निकाल २२ सप्टेंबर १९७२ रोजी लागला. आवाज ओळखता आला पाहिजे, विषयाशी संबंध पाहिजे आणि मुद्रणात फेरफार झालेला नसला पाहिजे, या अटींवर न्यायालयाने ते ग्राह्य मानले. संगणकीय पुराव्यासोबत प्रमाणपत्र आवश्यकच आहे, हे १४ जुलै २०२० च्या निकालात ठाम झाले. तो वाद जालना मतदारसंघाच्या निवडणुकीचा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे या प्रमाणपत्रात फाइलीचे ‘हॅश’ही द्यावे लागते. हॅश म्हणजे फाइलीच्या अंगठ्याचा ठसा. नाव बदलले तर तो बदलत नाही. पण नको तो भाग कापला, आवाज मोठा करून घेतला किंवा फाइल दुसऱ्या प्रकारात बदलली, की ठसा निराळा होतो. म्हणून कज्जाच्या कामी लागणारी फाइल मूळ फोनसह जशीच्या तशी ठेवावी, आणि काटछाट करावयाची ती नकलेवर.

न्यायालयाने ग्राह्य मानले म्हणजे घरातही ग्राह्य झाले, असे मात्र नाही. समोरच्या माणसाला ठाऊक नसता त्याचे बोलणे साठवून ठेवणे आणि पुढे चार जणांत ऐकवणे, हे कायद्याच्या आधी शिष्टाचाराच्या कक्षेत येते. कऱ्हाडची आई लेकीशी बोलत होती, यंत्राशी नव्हे. आपले शब्द कोणी पुन्हा ऐकणार आहे, हे तिच्या स्वप्नातही नव्हते.

लेकीने सारे ऐकले. पुष्कळसे बोलणे जेवलीस का, पाऊस आहे का, शेजारच्यांच्या मुलीचे ठरले का, एवढेच होते. एका फाइलीत मात्र आईने डॉक्टरांनी काय सांगितले ते सांगितले होते, आणि शेवटी म्हटले होते, ‘बाबांना यातलं काही बोलू नकोस. त्यांना झेपायचं नाही.’ लेकीने सर्व फाइली तारखेप्रमाणे लावल्या, पेन ड्राइव्हवर उतरवल्या आणि कऱ्हाडला धाडल्या. ती एक वगळून.

आठ-दहा दिवसांनी बाबांचा फोन आला. नातवाने सारे लावून दिले होते. रोज जेवण झाल्यावर ते एक रविवार ऐकत. आवाज छान आला आहे म्हणाले. मग थोडे थांबून म्हणाले, ‘अठरा मेचा रविवार नाही गं यात. त्या दिवशी ती माझा फोन घेऊन अंगणात गेली होती. बराच वेळ बोलत होती.’

‘तो व्हॉट्सॲपवरचा असेल, बाबा,’ लेक म्हणाली. ‘ते रेकॉर्ड होत नाहीत.’