धोक्याचा दिवा कसा पारखावा?

(बारामती येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



गळीत हंगामात बारामती-इंदापूर रस्त्यावर माळेगाव, भवानीनगरच्या कारखान्यांकडे रात्रभर ऊस वाहिला जातो. वाटेत ट्रॉली बंद पडली, की मागून येणाऱ्याचा जीव तिच्या धोक्याच्या दिव्यावर अवलंबून असतो.

हा दिवा दुकानात पारखता येत नाही. ताशी 60 किलोमीटर वेगाचे वाहन सेकंदाला सुमारे 17 मीटर कापते. म्हणून ट्रॉली भरलेली आणि काच धुळीने माखलेली असताना, रात्री शंभर पावले मागे उभे राहून दिवा पाहावा. लोंबत्या वाढ्यांआड तो झाकला जातो काय? मिनिटाला 60 ते 120 वेळा लुकलुकतो काय? इंजिन बंद असता पेटतो काय? बॅटरीच बसली, तर परावर्तक पट्ट्या आणि त्रिकोण आहेत काय? ऊसतोड कामगाराच्या बैलगाडीला तर या पट्ट्यांचाच आधार.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून सांगतो, दिव्यावर वाचवलेला पैसा वाचत नाही. तो खर्च मोटारसायकलवरून घरी परतणाऱ्या मजुराच्या कुटुंबाच्या माथी पडतो. कारखान्याच्या काट्यावर उसाच्या वजनाबरोबर दिवाही तपासला जावा, अशी मागणी सभासदांनी वार्षिक सभेत केलीच पाहिजे.