तणांचा प्रसार आणि त्याचे पूर्वानुमान



या परिषदेचा अध्यक्ष म्हणून, आपल्यापैकी बहुतेकांच्या बांधावर जो प्रश्न आज उभा आहे त्याकडेच मी वळतो. १९५५ साली पुण्यात केरकचऱ्याच्या ढिगांवर गाजरासारख्या पानांची एक अपरिचित वनस्पती, म्हणजेच आजचे गाजरगवत, प्राध्यापक परांजपे यांच्या दृष्टीस पडली आणि पुढल्याच वर्षी राव यांनी तिची नोंद प्रसिद्ध केली. त्याच १९५५ साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात टूगूलावा या ठिकाणीही ती आढळली. परंतु तेथे ती दीर्घकाळ जवळजवळ जागच्या जागी राहिली. पुढे १९६० मध्ये टेक्सासहून आणलेल्या गवताच्या बियाण्यातून क्लर्मोंटजवळ तिचे दुसऱ्यांदा आगमन झाले, आणि सुमारे पंधरा वर्षांनी तिने विस्तीर्ण कुरणे व्यापली. वनस्पती तीच, प्रांत तोच, आणि तरीही प्रसाराचा इतिहास इतका भिन्न! पूर्वानुमानाच्या शास्त्राला पडलेले कोडे हेच आहे.

गणिताने या कोड्याला हात घातला नाही असे नाही. स्केलम यांनी १९५१ साली असे प्रतिपादन केले की, मोकळ्या प्रदेशात शिरलेल्या जीवाने व्यापलेल्या क्षेत्रफळाचे वर्गमूळ काळाच्या समप्रमाणात वाढते. सदर्स्ट व मेवाल्ड यांनी १९८५ साली मांडलेली 'क्लाइमेक्स' ही पद्धती तापमान आणि ओलावा यांवरून एखादा जीव कोठे तग धरू शकेल हे सांगते. दोन्हींचे मोल मी मानतो. मात्र कोणत्या शिवारात तण जगेल हे हवामान सांगते; ते कोणत्या वाटेने आणि केव्हा येईल हे हवामानाला सांगता येत नाही.

ती वाट पाहावयाची तर गाजरगवताचे बीज हाती घ्यावे. काळे, चपटे, जेमतेम दोन मिलिमीटर लांबीचे, आणि दोन्ही अंगांना वाळलेल्या वांझ फुलांचे कागदी पंख असलेले हे बीज पाटाच्या पाण्यावर तरंगते, आणि चिखलाबरोबर ट्रॅक्टरच्या चाकाला चिकटून दूरवर जाते. एका जोमदार झाडापासून अशी हजारो बीजे होतात. फुलावर आलेले गवत उपटून उकिरड्यावर टाकले, तर तेच बी मृगाच्या आधी शेणखताबरोबर आपण आपल्या हाताने वावरात नेऊन पसरतो. बंगळूरला १९८४ साली या गवताच्या नियंत्रणासाठी सोडलेला मेक्सिकन भुंगा पावसाळ्यात त्याची पाने फस्त करतो हे खरे. परंतु तो कोरड्या दिवसांत जमिनीत निद्रिस्त असताना ओलिताच्या रानातले गवत निर्वेधपणे फुलत राहते. म्हणून प्रसाराचा नकाशा काढणाऱ्याने पर्जन्यमानाच्या आकड्यांबरोबर कालव्याच्या आवर्तनाचे वेळापत्रक, चाऱ्याच्या गाड्यांचे मार्ग आणि मळणीयंत्रांचा गावोगावचा फेराही मांडला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक उणीव मला फार सलते. आपल्या दप्तरी तण कोठे आढळले याच्या नोंदी थोड्याफार सापडतात. कोठे पाहिले आणि आढळले नाही, याची नोंद मात्र क्वचितच मिळते. 'पाहिले, नाही' आणि 'पाहिलेच नाही' या दोन गोष्टी नकाशावर सारख्याच कोऱ्या दिसतात, आणि त्या कोऱ्या जागेवरून केलेले अनुमान प्रसाराऐवजी केवळ निरीक्षकांच्या फिरतीचा मार्ग दाखवते. गावनमुना बारामध्ये पिकांची नोंद पिढ्यान्‌पिढ्या होत आली. २०२१ पासून शेतकरी स्वतःच मोबाईलवर ई-पीक पाहणी करू लागला. एवढी यंत्रणा सिद्ध असता तीत तणासाठी एक रकाना नसावा, हे मला असह्य वाटते.

म्हणून मी खुल्या अधिवेशनापुढे असा ठराव ठेवीत आहे की, दरसाल खरिपाच्या पाहणीत बांध, पाटाची कड आणि उकिरडा या तिन्ही जागा पाहून गाजरगवत आहे अथवा नाही हे दिनांकासह नोंदविण्याची तजवीज शासनाने करावी. दोन पानांवर असलेले रोप ओळखणारी नजर खुरपणी करणाऱ्या भगिनींची आहे, आणि या गवताने हातावर उठणारी खाजही प्रथम त्यांनाच सोसावी लागते. तेव्हा ठरावावर पहिले बोलण्याचा मान सभागृहाने त्यांना द्यावा, अशी माझी विनंती आहे.