उभ्या गाडीवरचा पाऊस
(रेडिओवरील भाषण)

केज तालुक्यातलं युसूफ वडगाव घ्या, नाहीतर आसपासचं कुठलंही मोठं गाव घ्या. मृगाच्या आधी तिथल्या गल्लीतून चक्कर मारली, की घरासमोर उभ्या ट्रॅक्टरच्या सायलेन्सरवर पत्र्याचा रिकामा डबा पालथा घातलेला दिसतो. हा डबा कंपनी देत नाही आणि तो घालायला कुणी शिकवतही नाही. उभ्या नळीतून पाऊस आत गेला, तर उघड्या राहिलेल्या झडपेतून तो सिलेंडरमध्ये उतरतो, हे ट्रॅक्टरवाल्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून आभाळ भरून आलं, की घरातलं पोरसुद्धा डबा घेऊन पळतं.

त्याच ट्रॅक्टरशेजारी उभ्या जीपकडे आता बघा. तिच्या बॉनेटला कटरने कापून लांब चिरा पाडलेल्या असतात. चिरांखाली हवेचा फिल्टर, आणि चिरांवर काहीच नाही. मूठभर रुंदीच्या नळीला जपणारा माणूस वीतभर चिरा आभाळाखाली उघड्या ठेवतो. आजची सगळी मिनिटं याच एका गोष्टीसाठी आहेत.

चिरा पाडण्यामागची गरज खरी आहे, हे आधी मान्य केलं पाहिजे. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे जातो. बॉनेटखालची हवा त्याहून कितीतरी तापते. तापलेली हवा विरळ असते. तीच इंजिनाने ओढली, तर ताकद कमी पडते. भरीला माल भरलेला असला आणि घाट चढायचा असला, तर काटा लाल रेषेकडे जातो. तेव्हा गॅरेजवाला सांगतो, “बॉनेटला चिरा मारू, गरम हवा निघून जाईल.” जागा बरोबर निवडली, तर त्याचं म्हणणं खरं ठरतं. गाडी पळत असताना बॉनेटच्या पुढच्या भागावर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे तिथल्या चिरांतून आतली गरम हवा बाहेर ओढली जाते.

काचेच्या पायथ्याशी मात्र उलट प्रकार असतो. तिथे वारा काचेला अडतो आणि दाब वाढतो. अमेरिकेत शेवरोलेने 1969 च्या कॅमॅरो गाडीसाठी असं बॉनेट दिलं होतं, की त्याचं हवा घेणारं तोंड समोर नसून मागे, काचेकडे वळलेलं होतं. वाढलेल्या दाबाची गार हवा मिळावी, हा त्यामागचा विचार होता. आपल्याकडे काही जण बिजागऱ्यांखाली वॉशर घालून बॉनेटची मागची कड उचलतात आणि गरम हवा तिथून निघेल अशी आशा धरतात. वेगात असताना तिथून हवा बाहेर पडायच्या ऐवजी आत घुसू पाहते. आणि गाडी उभी असताना काचेवरून ओघळणारं पाणी सरळ त्या फटीत उतरतं.

गाडी उभी असताना, हे नीट ऐका. पुढे पुन्हा सांगावंच लागणार आहे, कारण ऐकणाऱ्याचं लक्ष बहुतेक वेळा पळत्या गाडीकडे असतं. पळत्या गाडीत वारा थेंबांना उडवून लावतो, चिरांतून बाहेर येणारी हवाही त्यांना ढकलते आणि तापलेल्या इंजिनावर पडलेला शिंतोडा वाळून जातो. उभ्या गाडीत यातलं काहीच घडत नाही. पाऊस सरळ खाली पडतो, थेंबामागून थेंब, रात्रभर.

थोडा हिशेब करू. एक फूट लांब आणि आठ इंच रुंद जागेत चिरा आहेत असं धरा. सेंटिमीटरमध्ये ते साधारण तीस गुणिले वीस होतं. महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, की सरकारी भाषेत ती अतिवृष्टी. तेवढा पाऊस या जागेवर पडला, तर पाणी होतं जवळजवळ चार लिटर. निम्मं पाणी पत्र्याच्या पट्ट्यांनी अडवलं असं समजा. तरी दोन लिटर आत गेलं.

आता इंजिनाला किती पाणी पुरतं ते पाहू. आपल्याकडच्या असंख्य गाड्यांत 1248 सीसीचं डिझेल इंजिन आहे. चार सिलेंडर, म्हणजे एकाला 312 सीसी. पिस्टन अगदी वर गेल्यावर हवेसाठी उरणारी जागा 20 मिलिलिटरच्याही आत असते. चहाचे चार चमचे समजा. हवा दाबली की आकसते. पाणी आकसत नाही. उरलेल्या जागेपेक्षा जास्त पाणी सिलेंडरमध्ये असलं, तर वर येणारा पिस्टन मध्येच अडतो, आणि मागून फिरणाऱ्या क्रँकचा सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो. रॉड वाकतो. गॅरेजमध्ये म्हणतात, “इंजिन पाणी प्यायलं.” पेट्रोल इंजिनात ही जागा थोडी मोठी असते, तीसेक मिलिलिटरची, पण त्यामुळे निश्चिंत राहण्यासारखं काही नाही. एका पारड्यात चार चमचे आणि दुसऱ्यात दोन लिटर, एवढंच लक्षात ठेवा.

चिरांतलं सगळं पाणी सिलेंडरमध्ये जात नाही, हेही सांगायला हवं. बरंच खाली सांडतं. थोडं स्पार्क प्लगच्या खड्ड्यात साचतं आणि सकाळी गाडी एका सिलेंडरवर अडखळते. थोडं वायरिंगच्या जोडांत शिरतं, तिथे महिनाभराने हिरवा गंज दिसतो. आणि फिल्टर चिरांच्या बरोबर खाली असला, तर तो पाणी धरून ठेवतो. कागदी फिल्टर ओला झाला की फुगतो आणि हवा अडवतो. मूळचा बंद डबा काढून बाहेरून आणलेला शंकूसारखा उघडा फिल्टर बसवला असेल, तर पाण्याला अडवणारं काहीच उरत नाही. नळीच्या खोलगट वळणात पाणी साचून राहतं. सकाळी मालक येतो, सेल्फ मारतो, आणि पहिल्याच ओढीत साचलेला घोट आत जातो.

धुक्यासारख्या बारीक थेंबांनी इंजिन बिघडत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या काही लढाऊ विमानांच्या इंजिनांत तर ताकद वाढवायला पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण मुद्दाम फवारत असत. म्हणून दमट हवेला घाबरायचं कारण नाही. भीती आहे ती साचलेल्या पाण्याची, एकदम आत जाणाऱ्या घोटाची.

जुन्या माणसांना हे सगळं एका उदाहरणाने चटकन कळेल. धाब्याचं, माळवदाचं घर आठवा. माळवदाला साणं असतं. चुलीचा धूर त्यातून वर जातो, उजेड खाली येतो. साण्याशिवाय घरात जीव गुदमरतो, आणि बॉनेटच्या चिरांचं कामही तेच आहे. पण माळवद रचणाऱ्याने नुसतं भोक पाडून सोडून दिलं नव्हतं. साण्याभोवती त्याने मातीचा उंच काठ केला, म्हणजे माळवदावरून वाहणारं पाणी काठाला अडून बाजूने जाईल. उतार पन्हळीकडे दिला, आणि पन्हळ भिंतीपासून लांब काढली. साण्यावर पावसात झाकायला फरशी किंवा पत्रा ठेवला. घरातल्या बाईने धान्याची कणगी कधी साण्याखाली ठेवली नाही. ती ठेवली कोपऱ्यात.

यातली एकेक गोष्ट गाडीला लावून पाहा. साण्याचा काठ म्हणजे चिरेच्या कडेला वर वळवलेला पत्रा. बॉनेटवरून वाहणारं पाणी त्याने अडतं. पन्हळ म्हणजे चिरांखाली बसवलेलं पत्र्याचं उथळ तबक आणि त्याच्या कोपऱ्यातून चाकाच्या बाजूला काढलेली रबरी नळी. झाकणी म्हणजे गाडी उभी करताना चिरांवर घालायचं ताडपत्रीचं किंवा रबराचं आवरण. आणि कणगी म्हणजे हवेचा फिल्टर. तो चिरांखाली नको, कोपऱ्यात हवा, बंद डब्यात हवा, आणि त्याचं तोंड खाली किंवा बाजूला वळलेलं हवं. माळवदावर दर वर्षी पावसाआधी पांढरी माती टाकावी लागे. तशी गाडीतही दर वर्षी तबकाची नळी मोकळी करावी लागते. कडुनिंबाच्या झाडाखाली गाडी उभी राहत असेल, तर वर्षातून एकदा पुरणार नाही. वायपरखालची जाळी आणि तिथली पाणी निचरायची भोकं लिंबाच्या पाल्याने बघता बघता बुजतात.

कारखान्यात हा विचार आधीच झालेला असतो. महिंद्राची 2002 साली आलेली, नाशिकमध्ये तयार होणारी स्कॉर्पिओ आपल्या भागात घरोघर माहीत आहे. तिच्या बॉनेटवरचं हवेचं तोंड बघून पुष्कळांना वाटतं, की इंजिन तिथूनच श्वास घेतं. तसं नाही. ते तोंड इंटरकूलरसाठी आहे. इंटरकूलर रेडिएटरसारखा असतो. बाहेरचा वारा त्याच्या पट्ट्यांवरून जातो आणि आतल्या बंद नळ्यांतली हवा गार होते. पाऊस पडला तर पट्ट्यांवर पडतो, सिलेंडरकडे जात नाही. इंजिनाची हवा वेगळ्या वाटेने, बंद डब्यातून येते आणि त्या डब्याच्या तळाला निचऱ्याची सोय असते. म्हणून “स्कॉर्पिओला आहे, मग माझ्या गाडीला का नको?” या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. तिथे हवेची वाट आणि पाण्याची वाट वेगळी ठेवली आहे. कटरने चिरा पाडताना ती वेगळी ठेवली जात नाही.

परदेशात 1970 च्या प्लायमाउथ रोड रनर गाडीला तर बॉनेटवर चक्क उघडझाप करणारं दार मिळत होतं. चालकाने आतून बटण दाबलं की ते वर उचललं जाई आणि इंजिनाला गार हवा मिळे. नको तेव्हा ते मिटलेलं असे. आपल्या साण्यावरच्या फरशीचंच काम ते करत होतं.

पाणी साचण्याचा विषय निघाला म्हणून पुराकडे वळावं लागतं. केज तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे. सप्टेंबर 2021 मध्ये गुलाब चक्रीवादळाच्या उरलेल्या पावसाने धरणाचे सगळे 18 दरवाजे उघडावे लागले. सप्टेंबर 2025 मध्ये बीड आणि धाराशिव जिल्ह्यांनी पुन्हा पूर पाहिला. मुंबईत 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि रस्त्यारस्त्यांत गाड्या बुडाल्या. अशा वेळी अनेक इंजिनं बुडाल्यामुळे मोडत नाहीत, बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याच्या घाईने मोडतात. पाण्यात गाडी बंद पडली, तर सेल्फ मारू नका. धक्का देऊन, गिअरमध्ये टाकून तर मुळीच नको. न्यूट्रलवर ढकलत बाहेर काढा, बॅटरीची तार सोडा, फिटरला बोलवा. तो प्लग किंवा इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवेल आणि पाणी बाहेर फेकलं जाईल. तासा-दोन तासांचं काम. ते टाळलं, तर अख्खं इंजिन उतरवायची पाळी येते.

नव्या थारसाठी कंपनी पाण्यातून जाण्याची खोली 650 मिलिमीटर सांगते. हा आकडा मूळ बॉनेट, मूळ डबा आणि मूळ नळी जागेवर आहे असं धरून दिलेला आहे. डबा काढून उघडा फिल्टर खाली आणला, बॉनेट कापलं, तर त्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. शिवाय कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीने ठरवलेल्या रचनेत मनमानी बदल करू देत नाही आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. कटर हातात घेण्यापूर्वी आरटीओत विचारून घ्या.

आणि विमा. पाणी शिरून इंजिन मोडलं तर साध्या पॉलिसीत ती भरपाई बहुतेक वेळा मिळत नाही, त्यासाठी इंजिनाचं वेगळं संरक्षण जोडून घ्यावं लागतं. त्यातही बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू केली असेल तर कंपनी काय म्हणते, हा सविस्तर बोलण्याचा विषय आहे. आज तेवढी मिनिटं उरलेली नाहीत.

म्हणून शेवटी पुन्हा उभ्या गाडीकडे. ज्यांच्या बॉनेटला आधीच चिरा आहेत, त्यांनी आज संध्याकाळीच बॉनेट उचलावं. चिरांवरून तांब्याभर पाणी ओतावं, इंजिन थंड असताना आणि बंद असताना. पाणी कुठे जातं ते बॅटरीच्या उजेडात बघावं. फिल्टरच्या तोंडाजवळ एक थेंब जरी दिसला, तरी तबक बसेपर्यंत चिरांवर ताडपत्री बांधावी. रात्री उशिरा गाडी घेऊन येणाऱ्या पोरांनाही हे सांगून ठेवावं, कारण गाडी उभी करून आधी झोपायला जातात ती तीच. वॉशिंग सेंटरवर गाडी धुवायला दिली, तर तिथल्या माणसालाही जोराच्या पाण्याचा पाइप चिरांवर धरू नको असं
 आधीच बजावावं. आणि डिझेल गाडी असेल, तर हे काम उद्यावर…